हिरव्याचं तांबडं

भिमाबाईचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. घरात घड्याळ नव्हतं, पण वेळ चुकायची नाही. पाचला कुर्डुवाडीची पहिली एस.टी. कण्हत चढ चढायची. तोवर तिच्या भाकरी थापून झालेल्या असायच्या, सासूला तापलेलं पाणी मिळालेलं असायचं आणि नवरा श्रीपती या कुशीवरून त्या कुशीवर झालेला असायचा. दिवसातलं त्याचं ते पहिलं काम. दुसरं काम न्याहारी.

परंड्याच्या अलीकडं माळावर एका संस्थेनं कॉलेज काढलं होतं. घरापासून कोसभर चालणं. सहाला भिमाबाईच्या हातात प्रयोगशाळेची किल्ली असायची. सर लोक दहाला यायचे, मुलं साडेदहाला, आणि रसायनशास्त्र तिथून पुढं सुरू होतं असा सगळ्यांचा समज होता.

बहात्तरच्या दुष्काळात याच रस्त्यावर तिनं खडी फोडली होती. मुकादम बाकीच्यांचे ढीग टेपानं मोजायचा, हिच्या ढिगाकडं नुसता बघून आकडा लिहायचा. ढीग कधी कमी भरला नाही. एकदा जास्त भरला, तर हिनं टोपलीभर खडी परत काढून घेतली. पंच्याहत्तर साली कॉलेज निघालं, पाणी भरायला बाई पाहिजे होती, तेव्हा मुकादमानंच हिचं नाव सांगितलं. वर्षभरानं तिला रसायनाच्या खोलीत घेतलं, कारण तिथला गडी स्वतःच्याच धोतरावर तेजाब सांडून पळाला तो परत आला नाही. धोतर मात्र मागं राहिलं. भिमाबाईनं त्याची भोकं वगळून चार फडकी केली.

काम ठरलेलं. दिवसाला सव्वाशे परीक्षानळ्या, तीस बीकर, बारा लांब ब्यूरेटी. घासायच्या, विसळायच्या, उपड्या घालायच्या. इतक्या वर्षांत तिच्या हातून सात नळ्या फुटल्या. सातही तिला आठवत होत्या. मुलांच्या हातून रोज दोन-तीन फुटायच्या, एकालाही आठवायची नाही.

रसायनाचे गुरुलिंग सर उमरग्याकडचे. घरी कानडी बोलायचे, कॉलेजात मराठी, आणि चिडले की दोन्ही एकदम. पहिल्याच दिवशी त्यांनी डिस्टिल्ड पाण्याची बाटली भिमाबाईला दाखवली.

"ह्या पाण्यात बोट बुडवायचं नाही. बुडवलं की पाणी बाटलं."

छप्पन साली ईट गावात माहेरच्या घरानं धम्म घेतला, तेव्हा भिमाबाई नऊ वर्षांची होती. त्याच्या आधीच्या विहिरी तिला चांगल्या ठाऊक होत्या.

"आमीच न्हाय बुडवायचं, का समद्यांनीच?"

"सगळ्यांनीच. मी पण, प्रिन्सिपॉल पण. घामात मीठ असतं."

"मंग बरं हाय," ती म्हणाली. "हितं समद्यांचाच विटाळ."

संध्याकाळी हे ऐकून सासू सिताबाई इतकी हसली की तिला ठसका लागला.

गुरुलिंग सर नऊ वर्षं पीएच.डी. करत होते. विषय लोखंडाचा आणि कॅटेकॉलचा. कॅटेकॉल ही पांढरी भुकटी. कुर्डुवाडीपर्यंत रेल्वेनं यायची, पुढं एस.टी.च्या टपावरून. डबा उघडा राहिला की हवेनं तपकिरी पडायची. तिचं पाणी आणि लोखंडाच्या क्षाराचं पाणी एकत्र केलं की गर्द हिरवा रंग उठायचा. नऊ वर्षं तो हिरवाच उठत होता, आणि सर नऊ वर्षं त्याच्याकडं बघत होते.

एकदा भिमाबाईनं विचारलंच, "ह्यात बघायचं काय असतंय, सर?"

सरांना असा प्रश्न मुलांनी कधी विचारला नव्हता. ते खुलले. "मधे लोखंड. त्याला हे कॅटेकॉल दोन्ही हातांनी धरतं, खेकडा नांगीनं धरतो तसं. अशा धरणाऱ्याला लिगँड म्हणायचं. बाकीचे लिगँड गरीब असतात. धरून बसतात, इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण काय ती धातूनं करायची. हा तसा नाही. हा स्वतःचे इलेक्ट्रॉन देतो, परत घेतो. मग बाहेरून कळत नाही, इलेक्ट्रॉन दिला कुणी, लोखंडानं का ह्यानं. म्हणून ह्याला इंग्रजीत नॉन-इनोसंट म्हणतात. निष्पाप नसलेला."

भिमाबाईच्या हातातला ब्रश थांबला. "म्हंजे गुळाच्या डब्यागत."

"कसं काय?"

"घरात दोघंच. डबा रिकामा. धनी म्हनतो बायकूनं खाल्ला, बायकू म्हनती धन्यानं. भायेरच्यानं कुनाचं तोंड हुंगायचं?"

"तेच नऊ वर्षं हुंगतोय," सर म्हणाले.

शहाऐंशीचा उन्हाळा आला. कॉलेजची विहीर फेब्रुवारीतच तळाला गेली. चारा नव्हता म्हणून तालुक्यातलं दूध आटलं होतं. सहकारी दूध संघाचा टँकर रिकामाच उभा होता, तो पाण्याला जुंपला. पाण्याला आंबूस वास यायचा. टँकर दिसला की मुलं ओरडायची, ताक आलं. प्रयोगशाळेच्या वाट्याला दिवसाला दोन घागरी. एक डिस्टिल्ड पाण्याच्या भट्टीला, एक धुण्याला. एका घागरीत सव्वाशे नळ्या, तीस बीकर, बारा ब्यूरेटी.

सर म्हणाले, "काच लख्ख पाहिजे आणि पाणी वाचलं पाहिजे. कसं ते तुम्ही बघा."

तिनं बघितलं. टंचाईत गावातल्या बाया भांडी घासतात तशी तिनं काच घासली. राखेनं, कोरडी. होस्टेलच्या चुलीतली बाभळीची राख तिनं लुगड्याच्या तुकड्यातून दोनदा गाळून घेतली. काचेला ओरखडा नको. काडीला काथ्या बांधला, प्रत्येक नळीत मोजून तीस फेरे मारले, फडक्यानं पुसलं, आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्याचे चार थेंब फिरवून टाकले. घागर अर्धी उरली. नळ्या अशा चमकल्या की प्रिन्सिपॉल येऊन बघून गेले. उरलेलं पाणी पाहून त्यांनी त्यातलं तांब्याभर आपल्या कुंडीला नेलं.

आठवड्यात सरांचा हिरवा रंग बिघडला. आधी जांभळट झाला. मग काही नळ्यांत सरळ तांबडा, डाळिंबाच्या दाण्यासारखा. सरांनी नेहमीचंच मोजून घातलं होतं, वेगळं काही नाही. त्यांनी दार लावून बघितलं, नळ्यांना काळं फडकं गुंडाळून बघितलं, सकाळी बघितलं, दुपारी बघितलं. रंग तांबडाच. आम्ल की अल्क ते सांगणारं यंत्र आठ महिने सोलापूरला दुरुस्तीत पडलेलं, लिटमसचे कागद कसरीनं खाल्लेले. मग सरांनी आपल्या मनानंच ठरवलं की निष्पाप नसलेल्यानं अखेर गुन्हा केला. बाहेरून कुणी हात न लावता इलेक्ट्रॉन इकडचा तिकडं गेला. असं कुणी आजवर पाहिलं नव्हतं.

सरांचं जेवण कमी झालं. दाढी वाढली. छापायला पाठवायचा शोधनिबंध लिहायला घेतला. त्यात एकच गोष्ट त्यांना छळत होती. सोमवारी रंग सगळ्यात जास्त तांबडा यायचा. सरांनी चौदा सोमवार तपासले होते. मधल्या रविवारी रसायनाला विश्रांती मिळते, तिचा हा परिणाम असावा, असं त्यांनी दोन पानं खर्चून लिहिलं.

भिमाबाईचंही या निबंधात काही अडकलं होतं. अकरा वर्षं ती रोजंदारीवर होती. सुट्टी पडली की मजुरी नाही, उन्हाळ्याचे दोन महिने अर्धीच. त्या वर्षी परिचराची एक जागा कायम होणार होती. जूनच्या पाच तारखेला संस्थेची मीटिंग होती. हेडक्लार्क नानासाहेबांच्या मनात त्यांच्या साडूचा भाऊ होता. भिमाबाईच्या बाजूला फक्त गुरुलिंग सरांचं पत्र, आणि ते अजून लिहायचं होतं.

"निबंध पोस्टात पडला की पहिलं पत्र तुमचं," सर म्हणाले होते.

मीटिंगच्या आधीच्या रविवारी दुपारी भिमाबाई घरी वरणाचं पातेलं घासत होती. काठाला हळद चिकटली होती. तिनं राखेचा हात फिरवला आणि पिवळं होतं ते कुंकवासारखं तांबडं झालं. हे तिनं जन्मभर पाहिलं होतं. हळदीच्या लुगड्याला साबण लागला तरी तेच होतं. बायकांना त्याचं नवल नसतं. पण त्या दिवशी तिचा हात पातेल्यातच थांबला.

"इंचू चावला का?" श्रीपतीनं बाजेवरून विचारलं.

"सरांचा रंग म्या तांबडा केलाय."

"आँ?"

"राखंनं. हळदीचं व्हतंय तसंच त्येचं झालंय. नळीत राख ऱ्हातीया."

श्रीपती उठून बसला. तो सहसा इतक्यावर उठत नसे. "सरास्नी हिरवा आवडतो का तांबडा?"

"तांबडा."

"मंग झालं की. हाटिलात गिऱ्हाईक म्हनलं भजं लई झ्याक, तर आचारी सांगतो का, मीठ चुकून पडलंय म्हनून?"

"ते छापायला जायलंय."

"जाऊ दे. वाचनार कोन हाय? तू वाचनार हायेस?"

"पर खोटं हाय ते."

"त्येला ठावं न्हाय तवर खोटं कसं?" श्रीपती म्हणाला. "मिटिंग आली चार दिसावर. आत्ता तोंड उघडलंस तर नानासायेब तेवढंच धरून बसंल. बाईनं काम बिघडवलं. अकरा वर्सं मातीत."

सिताबाई कोपऱ्यातून म्हणाली, "तो म्हनतोय त्यात खोट न्हाय. आज पैल्यांदाच."

भिमाबाई पातेलं विसळत राहिली. नोकरीची भीती तिला होतीच. पण टोचत होतं ते दुसरंच. राख नुसती चोळून टाकली असती तर एवढं झालं नसतं. तिनं ती दोनदा गाळली, बारीक केली, तीस फेरे मारले. जितकं काम चोख केलं तितकी राख काचेला घट्ट धरून बसली. आळशी बाई असती तर सरांचा रंग हिरवाच राहिला असता.

"आधी खरं करून बघते," ती म्हणाली. "मंग बोलते."

सोमवारी तिनं घरच्या प्यायच्या पाण्यातला तांब्या भरून घेतला आणि कोसभर हिंदकळू न देता नेला. तीन नळ्या निवडल्या. त्या राखेशिवाय नुसत्या पाण्यानं सात-सात वेळा धुतल्या आणि गळ्याशी पांढरा दोरा बांधला. शेजारी नेहमीच्या, राखेच्या तीन ठेवल्या.

सर आले. सहाही नळ्यांत मोजून थेंब घातले. तीन तांबड्या झाल्या. दोऱ्याच्या तीन हिरव्याच राहिल्या. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"एन्री हे, भिमाबाई? ह्या तीन हिरव्या कशा?"

"त्या हिरव्याच असत्यात, सर. बाकीच्या म्या तांबड्या केल्यात."

तिनं राखेची वाटी समोर ठेवली आणि हळदीपासून सगळं सांगितलं. सरांनी चिमूटभर राख घेऊन हिरव्या नळीत टाकली. रंग जांभळा झाला. आणखी चिमूट टाकली. तांबडा.

आम्लात हिरवा, अल्कात तांबडा. दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात हे होतं, आणि सर ते दरसाल ऑगस्टमध्ये फळ्यावर लिहायचे. राखेतल्या खारामुळं लोखंडाला एका खेकड्याच्या जागी तीन खेकड्यांनी धरलं होतं, एवढाच खेळ. इलेक्ट्रॉन जागचा हललेला नव्हता.

सर स्टुलावर बसले. म्हणाले, "आणि सोमवार?"

"शनवारी दुपारून सुट्टी असती. तवा राख तीनदा गाळते, अन् तिसाच्या जागी साठ फेरं मारते."

"मला आधी विचारायचं होतं. राख लावू का म्हणून."

"तुमी म्हनला व्हता, कसं ते तुमी बघा."

ते खरं होतं. निबंधाचं पाकीट टेबलावर होतं, वर तिकिटं चिकटवलेली. सर दोन दिवस भिमाबाईशी एक शब्द बोलले नाहीत. पाकिटावरची तिकिटं मात्र त्यांनी वाफेवर सोडवून घेतली. पाणी तिनं तापवलं, पाकीटही तिनंच धरलं. दोघांनी एकमेकांकडं न बघता ते काम पुरं केलं.

तिसऱ्या दिवशी सरांनी पत्र लिहिलं. सर खोटं लिहिणारे नव्हते. त्यांनी लिहिलं की भिमाबाईंच्या हातून काचसामान धुण्यात चूक झाली, ती त्यांनी स्वतः प्रयोग करून शोधली, नोकरीची पर्वा न करता मला सांगितली, आणि असा परिचर साऱ्या जिल्ह्यात मिळणार नाही.

मीटिंगमध्ये पत्र नानासाहेबांनी वाचलं. पहिल्या स्वल्पविरामापर्यंत वाचलं आणि चहा आला म्हणून थांबले. चहानंतर पुढचा विषय निघाला. जागा साडूच्या भावाला मिळाली. त्याला ग्रंथालयात बसवलं. तिथं धुवायला काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सर स्वतः प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा पडला होता. "मी सगळं खरं लिहिलं होतं, भिमाबाई."

"खरं लिवलं, सर. पर लई लांब लिवलं." ती ब्यूरेट उजेडाकडं धरून बघत होती. "म्होरल्या टायमाला येकच वळ लिवा. त्येला थांबायला जागाच ठिवू नका."

घरी श्रीपतीनं आठ दिवस तोच विषय चघळला. "म्या म्हनलं व्हतं," असं तो न्याहारीला एकदा आणि जेवताना एकदा म्हणायचा. नवव्या दिवशी भिमाबाईनं त्याच्या हातात खराटा दिला आणि अंगण दाखवलं. विषय संपला.

ती पुन्हा पहाटे चारला उठत राहिली. त्या वर्षी पाऊस उशिरा आला, पण विहिरीला पाणी आलं. नळ्या पुन्हा पाण्यानं धुतल्या जाऊ लागल्या, रंग पुन्हा हिरवा उठू लागला. सरांची दाढी निघाली.

अठ्ठ्याऐंशीत आणखी एक जागा निघाली. या वेळी सरांचं पत्र असं होतं: "भिमाबाईंना कायम करावे." नानासाहेबांनी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. पुढं वाचायला काही नव्हतं आणि मधे थांबायलाही काही नव्हतं. बाई कायम झाली.

त्याच सालात सरांचा प्रबंधही पुरा झाला. इलेक्ट्रॉन कुणी दिला ते त्यात पक्कं सांगितलेलं नाही, पण कुठं कुठं शोधला ते नीट सांगितलं आहे. एका पानावर वाक्य आहे की सर्व काचसामान केवळ पाण्याने धुतले, राख वापरली नाही. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, हे राखेचं कशाला लिहिलंत? सर म्हणाले, "आमच्याकडं लिहावं लागतं."

कायम पगाराचं पहिलं वर्ष भिमाबाईनं हात आवरून काढलं. नवं लुगडं नाही, श्रीपतीला नवा चष्मा नाही. चष्म्यातून बघण्यासारखं तो काही करत नाही, हे तिचं म्हणणं. एकोणनव्वदच्या मार्गशीर्षात गावातला एक जण जमीन विकून पुण्याला निघाला. तीस गुंठे, माळाकडचे, मातीपेक्षा दगड जास्त. भिमाबाई दोन रविवार जाऊन ते पायांनी मोजून आली. कुठं किती खोल माती आहे ते तिनं पहारीनं सतरा ठिकाणी टोचून बघितलं. मग घेतले.

नोंदीला तलाठ्यानं लेखणी उचलली आणि सवयीनं विचारलं, "श्रीपती, तुझं पूर्ण नाव सांग."

श्रीपती म्हणाला, "तिचं लावा, साहेब. पगार तिचा हाय. अन् माझं लावलं तर नांगर मला धरावा लागंल."

तलाठ्यानं भिमाबाईचं नाव लावलं. नांगर श्रीपतीनंच धरला. दगड तिनं वेचले, दर रविवारी सोळा टोपल्या, बांधावर नीट रचून. पहिल्या साली करडई आली. दीड पोतं.